नोकरी-घर सांभाळून स्वतःचं सर्जनशील काम: दिनक्रम कसा बसवायचा, सुचलेलं कसं साठवायचं

कथा लिहायच्या आहेत, सुटलेलं गाणं पुन्हा धरायचं आहे, चित्रांची एक मालिका कधीची मनात आहे. आणि दिवस मात्र नोकरी, घर, मुलं, आजारपणं यांतच संपतो. तुमची अवस्था अशी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी नोकरी करत कथा लिहिते. सुरुवातीला या विषयावर जे वाचायला मिळालं त्यात एकतर ‘पहाटे उठा’ असं असायचं, नाहीतर ‘मनाचं ऐका’ असं. दिवसभर राबून आलेल्या माणसाने नेमकं काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, हे कुणी सांगत नव्हतं. ते इथे सविस्तर सांगते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे ठरवणं. आज बसायचं का? कधी? बसलं तर काय करायचं? एवढ्यातच जीव थकतो. एकदा हात चालायला लागला की बहुतेक दिवशी काही ना काही होतं. म्हणून दिनक्रमाकडून एकच मागायचं: हा निर्णय रोज नव्याने घ्यायला लागू नये. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

सुरुवातीला काय काय लागेल

- खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन. फोनवर टिपायची सवय असेल तर फोनमधली एकच जागा ठरवा. चार ॲपमध्ये विखुरलेलं पुन्हा सापडत नाही.
- मोठी वही, स्केचबुक किंवा संगणकावरची फाइल, फक्त या एका कामासाठी.
- गजराचं साधं घड्याळ. फोन शक्यतो नको.
- भिंतीवरचं कॅलेंडर, ज्याच्या चौकटीत खूण करता येईल.
- ठरलेली जागा. टेबलाचा कोपराही चालेल, पण सामान तिथेच मांडलेलं राहिलं पाहिजे. ते शक्य नसेल तर सगळं सामान मावेल अशी एक पिशवी.

इतकं पुरे आहे. नवे रंग, नवा कॅमेरा, नवं सॉफ्टवेअर यांची खरेदी पहिलं काम पूर्ण होईपर्यंत थांबवा. खरेदी केली की काम केल्याचं समाधान मिळतं, आणि ते फार फसवं असतं.

१. स्वप्नाचं एका कामात रूपांतर करा

‘मला लेखिका व्हायचं आहे’ या वाक्याला धरून आज संध्याकाळी काही करता येत नाही. ‘मला पाच कथा पूर्ण करायच्या आहेत आणि पहिली एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची आहे’ याला धरून करता येतं. कसोटी सोपी आहे: काम झालं की नाही, हे एखाद्या तिऱ्हाइताला बघून सांगता आलं पाहिजे. ‘चित्रकला सुधारायची’ हे या कसोटीला उतरत नाही. ‘खिडकीतून दिसणाऱ्या एकाच झाडाची बारा जलरंगचित्रं’ हे उतरतं. ‘गाण्यात काहीतरी करायचं’ नाही; ‘तीन गाणी साथीसह ध्वनिमुद्रित करायची’ हे चालेल.

पहिलं काम तीन-चार महिन्यांत संपेल एवढंच घ्या. मनात कादंबरी असेल तर तिच्यातल्या एका पात्राची स्वतंत्र कथा आधी लिहा. काम शेवटाला नेताना जे शिकायला मिळतं ते दहा कामं अर्धवट सोडून मिळत नाही: कुठे थांबायचं, काय काढून टाकायचं, मधला कंटाळा कसा पार करायचा.

इथे सापळा आहे तो एकाच वेळी तीन स्वप्नं हातात घेण्याचा. आवडी अनेक असणं चांगलंच आहे. बाकीच्या कल्पना एका कागदावर लिहा, वर पुढच्या एखाद्या महिन्याची तारीख टाका आणि तो कागद त्या तारखेपर्यंत उघडू नका.

२. आठवडाभर फक्त वेळ टिपा

या आठवड्यात काही बदलायचं नाही. दर दोन-तीन तासांनी छोट्या वहीत एक ओळ: आत्ता काय केलं आणि अंगात जीव किती होता. ‘ताजं’, ‘बरं’, ‘थकलेलं’ असे तीन शेरे पुरतात.

आठवड्याअखेरीस दोन गोष्टी दिसतील: तुमचा रिकामा वेळ आणि तुमचा ताजा वेळ. हे दोन्ही बऱ्याचदा वेगवेगळे असतात, आणि आपण सर्जनशील काम सवयीने रिकाम्या वेळात ढकलतो. रात्री सगळं आवरल्यावर दीड तास मोकळा असतो खरा, पण त्या वेळी डोकं चालत नसेल तर त्या दीड तासापेक्षा सकाळची वीस मिनिटं जास्त उपयोगी पडतात. मूळ काम ताज्या वेळात ठेवा. टंकलेखन, फोटो निवडणं, ब्रश धुणं, फायलींना नावं देणं अशी यांत्रिक कामं थकलेल्या वेळात होतात.

पहाटच हवी असं मात्र नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचे आणि पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहायचे. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या. मुलं उठण्याआधीचा, उजाडण्यापूर्वीचा वेळ त्यांनी लिखाणाला दिला. याउलट कथा-कादंबरीकार फ्रान्झ काफ्का विमा संस्थेतलं काम दुपारी आटोपून रात्री उशिरा लिहायला बसायचे. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि ऑफिसला चालत जाताना त्यांच्या कविता जुळायच्या. चौघांच्या वेळा वेगळ्या, पण प्रत्येकाने आपल्या आयुष्यात जी फट होती तीच वापरली. दुसऱ्याचं वेळापत्रक उचलून स्वतःवर लादलं की पहिल्या आठवड्यात उत्साह वाटतो आणि तिसऱ्या आठवड्यात अपराधीपणा.

३. घड्याळापेक्षा एखाद्या घटनेला काम जोडा

‘रोज सात वाजता लिहीन’ हा नेम सात वाजता काही आडवं आलं की मोडतो. ‘सकाळचा चहा झाला की कप धुवायच्या आधी टेबलाशी बसेन’ हा नेम जास्त टिकतो, कारण चहा सातला होवो की आठला, खूण तीच राहते. पाळ्यांमध्ये नोकरी करणाऱ्यांना आणि लहान मूल असलेल्या घरांना तर हाच मार्ग आहे. मूल झोपलं की, डबा भरून झाला की, कामावरून येऊन पाय धुतले की: जी गोष्ट रोज हमखास घडते तिच्या शेपटीला आपलं काम बांधायचं.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये या पद्धतीची नीट मांडणी केली. नुसतं ‘मी हे करणार’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवलेलं प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांच्या आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. ते वाक्य मनात ठेवू नका, कागदावर लिहा. ‘... झालं की मी ... इथे बसून ... करेन.’ तिन्ही जागा भरल्या गेल्या पाहिजेत.

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या आकड्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा रोज लिहिण्याशी किंवा रियाजाशी काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी १२ आठवडे तपासल्या; त्यांचा लेख २०१० मध्ये छापून आला. कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना आढळलं, पण माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे हे त्यांनी गणिताने काढलेले अंदाज आहेत). आणि त्या सवयी पाणी पिणं, फळ खाणं, थोडा व्यायाम अशा साध्या होत्या. तेव्हा महिनाभरानंतरही बसायला जड जात असेल तर ‘माझ्यात चिकाटीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. तुमची सवय अजून तयार होते आहे, इतकाच त्याचा अर्थ.

४. दोन मापं ठरवा: नेहमीचं आणि वाईट दिवसाचं

नेहमीचं माप म्हणजे बऱ्या दिवशी जमेल तेवढं: अर्धा तास, एक पान, एक रेखाटन. वाईट दिवसाचं माप इतकं लहान हवं की तापातून उठलेल्या माणसालाही ते जमावं. पाच ओळी. कागदावर एका वस्तूची बाह्यरेषा. दहा मिनिटं नुसते स्वर लावणं. वाईट दिवशी एवढं केलं तरी कॅलेंडरवर पूर्ण खूण करायची, अर्धी नाही.

कामाचं माप वेळेत ठेवायचं की संख्येत? नवं लिहिताना संख्या बरी, कारण नुसतं बसून वेळ काढता येत नाही. दुरुस्तीच्या टप्प्यावर वेळ बरा, कारण एखादा परिच्छेद तासभर खातो आणि तो तास वाया गेलेला नसतो. ट्रोलप घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत, ही गोष्ट अनेकांना स्फूर्ती देते. मला वाटतं नवख्याने तिच्यापासून लांब राहावं. तो वेग अनेक वर्षं रोज लिहून बसलेल्या हाताचा आहे.

आणखी एक सापळा सांगते, तो चांगल्या दिवसांचा आहे. एका रविवारी तीन तास अप्रतिम काम होतं आणि त्या भरात आपण रोजचं माप वाढवतो. सोमवारी ते जमत नाही, मंगळवारी बसायचीच भीती वाटते. चांगल्या दिवशी मनसोक्त काम करा, पण माप निदान दोन महिने तेच ठेवा.

५. आदल्या रात्रीची दहा मिनिटं

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

उद्याच्या बैठकीची सुरुवात आज रात्री करून ठेवायची. वही नेमक्या पानावर उघडी. पेन तिच्यावर. चित्र काढत असाल तर कागद बोर्डला लावलेला, पाण्याचं भांडं शेजारी, आणि आजचे तीन रंग वेगळे काढलेले. वाद्य पेटीतून बाहेर, सुरात लावलेलं. संगणकावर काम करत असाल तर फाइल उघडी, बाकी सगळं बंद.

मग एक चिठ्ठी. तिच्यावर उद्याची पहिली कृती, एका वाक्यात, आणि ती हाताने करायची कृती असली पाहिजे. ‘दुसरं प्रकरण पुढे न्या’ ही कृती नाही. सकाळी ही चिठ्ठी वाचून पुन्हा विचारच करावा लागेल. ‘म्हातारा दुकानाचं दार उघडतो आणि सगळी घड्याळं बंद पडलेली दिसतात, ते लिही’ ही कृती आहे. ‘झाडाच्या डाव्या फांदीखालची सावली पुन्हा रंगव.’ ‘अंतऱ्याची दुसरी ओळ संथ लयीत घोट.’ असं लिहिलं की सकाळी ठरवायला काही उरत नाही, करायलाच लागतं.

ही चिठ्ठी लिहिणं सोपं जावं म्हणून थांबण्याची जागा नीट निवडा. अर्नेस्ट हेमिंग्वे पुढे काय घडणार हे माहीत असतानाच त्या दिवशीचं लिखाण थांबवायचे. आपल्याला वाटतं, सुचलेलं सगळं आजच उतरवून रिकामं व्हावं. तसं केलं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येते. थोडं उद्यासाठी शिल्लक ठेवा. वाक्य अर्ध्यात तोडलं तरी चालतं. मी बऱ्याचदा तोडते आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करता करता पुढच्या ओळीत गेलेली असते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हाही या दहा मिनिटांचाच भाग आहे. सकाळी तो हातात आला की निर्णयांची रांग लागते: याला उत्तर देऊ का, ते बघू का. काम सुरू व्हायच्या आधीच डोकं दुसऱ्यांच्या गोष्टींनी भरून जातं.

६. सुचण्याची सोय करा: वही, चालणं, वाचन

प्रेरणेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ती आली तरच काम होतं. दुसरं म्हणतं, प्रेरणाबिरणा काही नसतं, नुसती मेहनत. मला दोन्ही पटत नाहीत. सुचणं खरं असतं आणि त्याचा आनंद फार मोठा असतो. फक्त ते कामाच्या आसपास घुटमळतं, काम बंद असताना क्वचितच फिरकतं. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी १८७८ च्या एका पत्रात प्रेरणेला पाहुणा म्हटलं आहे, आळशांकडे जायला न आवडणारा.

गणितज्ञ आंरी पोआंकारे यांनी सांगितलेला अनुभव इथे फार उपयोगी आहे. एका प्रश्नावर पंधरा दिवस रोज डोकं लावल्यानंतर काही काळाने ते सहलीला गेले. प्रवासात घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्यांना त्यातला एक महत्त्वाचा दुवा अचानक उमगला. त्या क्षणी मनात त्याविषयी काही विचारही चालू नव्हता. परत आल्यावर त्यांनी तो बसून पडताळून पाहिला. लोक पायरीची गोष्ट लक्षात ठेवतात. आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचं पडताळणं विसरतात. पुढे १९२६ मध्ये इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी सर्जनाचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. यातले पहिला आणि शेवटचा टप्पा टेबलाशी बसून होतात. मधल्या दोघांना टेबलापासून दूर असण्याची गरज असते. म्हणून रोजच्या बैठकीइतकंच, बैठक संपल्यावर खरंच उठून जाणंही महत्त्वाचं.

छोटी वही या मधल्या वेळासाठी आहे. संगीतकार बेथोव्हेन यांच्याकडेही दोन प्रकारच्या वह्या असायच्या, फिरायला जाताना खिशात न्यायच्या आणि टेबलावरच्या मोठ्या. टिपताना ठोस टिपा. ‘एकटेपणावर काहीतरी’ अशी नोंद महिन्याने वाचली तर काहीच आठवत नाही. ‘लिफ्टमध्ये एक बाई स्वतःच्याच फोनवर स्वतःचा आवाज ऐकत होती’ ही नोंद वर्षानेही जिवंत असते. काय दिसलं, काय ऐकलं, तारीख. अर्थ लावायचा नाही, तो नंतर.

आठवड्यातून एकदा ही वही उघडून चालू कामाला लागेल तेवढंच मोठ्या वहीत उतरवून घ्या. बाकीचं तिथेच राहू द्या. नाहीतर साठवणं हाच छंद होऊन बसतो.

चालण्याविषयी एक बारकावा. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चालताना लोकांना बसल्यापेक्षा जास्त आणि अधिक वेगळ्या कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. पण एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांमध्ये चालण्याचा असा फायदा दिसला नाही. माझ्या कामात हे तंतोतंत उतरतं: कथेत पुढे काय होईल हे चालताना सुचतं, कुठला शब्द योग्य हे बसूनच ठरतं. अडलात तर आधी ओळखा की कल्पना अडली आहे की निवड. कल्पना अडली असेल तर उठा आणि चाला.

वाचन, ऐकणं, बघणं हे खाद्य आहे आणि ते नेमाने मिळायला हवं. पण ते कामाच्या बैठकीआधी नको, नंतर. दुसऱ्याचं उत्कृष्ट काम पाहून लगेच आपलं कच्चं काम उघडलं की हात आखडतो. शिवाय मोबाइलवर एकामागून एक सरकणारी शंभर सुंदर चित्रं पाहणं आणि एकाच चित्रासमोर वीस मिनिटं बसून ‘हा उजेड याने कसा आणला असेल’ याचा शोध घेणं, यांत फार अंतर आहे. आवडलेल्या चित्राची नक्कल काढा, आवडलेला परिच्छेद हाताने उतरवा, आवडलेली तान शंभरदा ऐकून गळ्यातून काढा. नक्कल स्वतःच्या नावावर खपवायची नाही, एवढं पथ्य. शिकण्यासाठी केलेली नक्कल हा चित्रकारांचा जुना आणि सन्मानाचा अभ्यास आहे.

७. बैठकीच्या आत

चिठ्ठीवरची कृती करून सुरुवात करा. मागचं सगळं पहिल्यापासून वाचायला घेऊ नका. वाचता वाचता दुरुस्ती सुरू होते आणि बैठक संपते तेव्हा पहिलं पान सतराव्यांदा चकचकीत झालेलं असतं, दुसरं अजून कोरंच. मागचा शेवटचा परिच्छेद वाचला की पुढे. खर्डा आणि दुरुस्ती ही दोन वेगळ्या दिवशी करायची कामं आहेत.

लक्ष टिकत नसेल तर २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पद्धत वापरून पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ती बसवली. मात्र हात लागलेला असताना गजर वाजला तर खुशाल दुर्लक्ष करा.

८. घरच्यांना नेमकं सांगा

‘मला जरा वेळ हवा असतो’ याने कुणालाच काही कळत नाही. ‘चहानंतर अर्धा तास मी लिहिते, तेवढ्यात काही पेटलं-पडलं नसेल तर हाक मारू नका, साडेसातला मी मोकळी आहे’ हे कळतं. आणि साडेसातला खरंच उठा. वेळ संपल्यावर आपण हजर होतो, हे दिसलं की घरचे तो वेळ आपोआप जपू लागतात. आपल्यावर कुणाची शुश्रूषा असेल, तर त्या अर्ध्या तासापुरती जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे आहे हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर कान सतत दाराकडे राहतात.

९. खंड पडला तर

पडणारच. लॅली यांच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यावर फारसा परिणाम होत नाही. नुकसान होतं ते चुकल्यानंतर आपण स्वतःला जे बोलतो त्याने.

परतायचं ते वाईट दिवसाच्या मापाने. बुडालेलं भरून काढायचं नाही. चार दिवसांची पानं एका रात्रीत लिहायला बसलात तर पाचव्या दिवशी पुन्हा खंड पडेल. दीर्घ खंड असेल तर पहिल्या दिवशी फक्त मोठी वही वाचा आणि रात्री चिठ्ठी लिहा; एवढंच काम. प्रवास, परीक्षा, लग्नकार्य असे आधी ठाऊक असलेले खंड कॅलेंडरवर आधीच रंगवून ठेवा. ते सुट्टीचे दिवस आहेत, हुकलेले नाहीत.

पण कधी कधी आयुष्यात काहीच आडवं आलेलं नसतं आणि तरी आपण टाळतो. तेव्हा तीन कारणं तपासून पाहा. पुढची कृती अस्पष्ट आहे का? असेल तर चिठ्ठी पुन्हा, अजून लहान कृतीची. कामाचा हा भाग तुम्हालाच कंटाळवाणा वाटतो आहे का? मग तो वाचणाऱ्यालाही वाटेल. गाळून पुढे जा. की भीती आहे, हे चांगलं नसेल तर? याला माझ्याकडे एकच उपाय आहे: त्या दिवशीचं काम कुणालाही दाखवायचं नाही असं आधीच ठरवून, वेगळ्या कागदावर ते मुद्दाम ओबडधोबड करायचं. त्यातली बरीचशी रेघ नंतर खऱ्या कामात येते.

आणि खरंच दमला असाल, झोप पूर्ण होत नसेल, मन सतत उदास असेल, तर दिनक्रम ताणू नका. आधी विश्रांती घ्या, गरज असेल तर डॉक्टरांशी बोला. काम वाट पाहील.

१०. आठवड्याचा हिशोब आणि पहिला वाचक

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं. किती दिवस बसले, काम कुठे पुढे सरकलं, पुढच्या आठवड्यात काय आडवं येणार आहे. बस. स्वतःचं मूल्यमापन इथे करायचं नाही. महिन्यातून एकदा मात्र पहिल्या पायरीतलं वाक्य पुन्हा वाचा. काम बदललं असेल तर वाक्य बदला. कथासंग्रह म्हणून सुरू केलेलं एका दीर्घकथेकडे वळलं तर ते वळण मान्य करून लिहून ठेवा.

काम दाखवायची घाई नको. कल्पना चार जणांना सांगितली की ती सांगण्यातच खर्च होते, आणि अर्धवट खर्ड्यावर आलेला एखादा सहज शेरा आठवडाभर डोक्यात राहतो. पूर्ण खर्डा झाला, एकदा स्वतः दुरुस्त केला, की मग एकाच माणसाला दाखवा. तो माणूस त्या कलेत रस असलेला हवा आणि तुमचं मन राखायला खोटं न बोलणारा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ असं येतं. विचारा: कुठे लक्ष उडालं? काय कळलं नाही? कोणती जागा नंतरही आठवली? उत्तरं ऐकताना खुलासा करायचा नाही, फक्त लिहून घ्यायचं, आणि दुरुस्तीला दोन-तीन दिवसांनी बसायचं.

काम पूर्ण झालं की त्याची एक प्रत संगणकावर आणि एक दुसरीकडे कुठेतरी सुरक्षित ठेवा, वर तारीख घाला. मग आठवडाभर सुट्टी घ्या. त्या आठवड्यात चहा झाला की टेबलाशी मात्र बसत राहा, वाचायला किंवा छोटी वही चाळायला, म्हणजे वेळ दुसऱ्या कामांत बुडून जाणार नाही. आठव्या दिवशी बाजूला ठेवलेला तो कल्पनांचा कागद काढा, तारीख उलटली नसली तरी चालेल, आणि त्यातलं एक काम निवडून त्याच रात्री पहिली चिठ्ठी लिहा.